फळ्यावर पहिली ओळ भाकरीची हवी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जिल्ह्यातल्या हॉटेलांची माहिती येते. मी ती न चुकता वाचतो. ३५ वर्षं एसटीत वाहक होतो आणि दुपारचं जेवण बहुतेक स्टँडसमोरच्या खानावळीतच झालं. दारव्हा, दिग्रस, पुसद, आर्णी, कारंजा, मूर्तिजापूर, यातल्या कुठल्या गावात वरण घट्ट मिळायचं आणि कुठं वांग्याच्या भाजीवर तर्री चांगली असायची, हे मला अजून पाठ आहे. गेल्या काही महिन्यांच्या माहितीत पनीर आहे, तंदूर आहे, नूडल्स आहेत. जवारीची भाकर एकदाच आली, तीही 'मागितल्यास मिळेल' एवढीच. ते वाचून हे पत्र लिहायला बसलो. पत्र लांबेल, आणि सुरुवात जरा दुरून करावी लागणार आहे.

मागच्या वर्षी मी आणि पत्नी तीन महिने अमेरिकेत मुलीकडे होतो. ती अटलांटा शहरात दवाखान्यात नर्स आहे. तिच्या शेजारी एक कृष्णवर्णीय बाई राहतात, माझ्याच वयाच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. एका रविवारी चर्च सुटल्यावर त्यांनी आम्हा तिघांना जेवायला नेलं. तिथल्या काळ्या लोकांच्या जेवणाला 'सोल फूड' म्हणतात. सोल म्हणजे आत्मा, जीव. हे नाव १९६० च्या दशकात रूढ झालं, जेवण मात्र त्याच्या कितीतरी आधीचं.

हॉटेलसमोर रांग होती. बायका डोक्यावर टोप्या घालून, पुरुष कोट घालून, लेकरं चमकत्या बुटांत. जत्रेच्या दिवशी आपल्याकडे असतात तशी सगळी माणसं एकमेकांना हाका मारत होती. पाऊण तास उभं राहिलो, पण कुणी कुरकुर केली नाही. आत गेल्यावर भिंतीवर पहिल्यांदा काय दिसलं, तर एका म्हाताऱ्या बाईचा मोठा फोटो. कमरेला फडकं बांधलेलं, हातात मोठा चमचा. खाली तिचं नाव आणि जन्मसाल. शेजारच्या बाईंनी सांगितलं, मालकाची आजी, हिच्याच हातचं सगळं इथं शिजतं. फोटो मालकाचा नव्हता, पुढाऱ्याचाही नव्हता. स्वयंपाक करणारीचा होता. मी तिथं जरा थांबलो, मागून रांग पुढं सरकली तेव्हा मुलीनं हात धरून नेलं.

तिथली पद्धत अशी की मांसाचा एक प्रकार घ्यायचा आणि सोबत तीन भाज्या. मी तळलेली कोंबडी घेतली. सोबत चवळी, भेंडी आणि 'कॉलर्ड' नावाची कोबीच्या जातीची पालेभाजी. पानं आपल्या तळहाताएवढी, जाड. देठ काढून, पानांची गुंडाळी करून चिरतात आणि धुरावर वाळवलेल्या मांसाच्या तुकड्यासोबत तास-दोन तास शिजवतात. भाजीचं उरलेलं पाणी फेकत नाहीत. बाईंनी मक्याच्या पावाचा तुकडा मोडून त्या हिरव्या पाण्यात बुडवला आणि खाल्ला, अगदी आपण वरणात भाकर कुस्करतो तसा. त्या पाण्याला वेगळं नाव आहे, 'पॉट लिकर'. ज्या घरात भाजी थोडी आणि खाणारी तोंडं जास्त, तिथं त्या पाण्यावर लेकरं वाढली, असं त्या म्हणाल्या. टेबलावर मिरच्या घातलेली व्हिनेगरची बाटली होती. ती भाजीवर शिंपडली आणि पहिल्यांदा त्या देशात मला जेवल्यासारखं वाटलं.

पत्नीनं एक लाल सरबत मागवलं होतं. एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि मुलीला म्हणाली, "हे तं आपली अंबाडी हाय वं!" मुलीनं मोबाइलवर पाहिलं. खरंच लाल अंबाडी. तिच्या लाल बोंडांचं सरबत पश्चिम आफ्रिकेत पूर्वापार पितात. तिथून जहाजात कोंबून आणलेल्या माणसांसोबत ही चव अमेरिकेत आली, म्हणून त्यांच्या सणाला लाल पेय लागतंच.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. पावासोबत एका छोट्या भांड्यात काकवीसारखा काळसर पाक दिला होता. बोट लावून पाहिलं आणि मला आमच्या धुऱ्यावरचा कोवळा धांडा आठवला, लहानपणी आम्ही सोलून चावायचो तो. मुलगी म्हणाली, "बाबा, सॉर्गम म्हणजे जवारी." गोड जातीच्या जवारीचे धांडे पिळून, रस आटवून तो पाक करतात. जवारी मूळची आफ्रिकेची. चवळीही तिथलीच, अंबाडीही. काही हजार वर्षांपूर्वी जवारी नि चवळी समुद्रावरून आपल्याकडे आल्या आणि आपल्या झाल्या. अमेरिकेत हे सगळं गुलामांच्या जहाजांतून गेलं. जवारीच्या भाकरीवर वाढलेलं पोर मी, माझ्या ताटातलं अर्धं धान्य या लोकांच्या पूर्वजांच्या शेतातून आलेलं आहे, हे मला साठी उलटल्यावर, तेरा-चौदा हजार किलोमीटर लांब जाऊन कळलं.

बाईंनी विचारलं, तुम्ही शेतात काय घेता? मी म्हटलं, कापूस. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग विचारलं, स्वतः वेचता? मी पत्नीकडे हात केला. माझ्या नोकरीच्या काळात चार एकर तिनंच पाहिलं, आजही ओटी बांधून वेचायला जाते. बाई म्हणाल्या, त्यांची आजी अलाबामात दुसऱ्याच्या शेतात अर्धेलीनं कापूस वेचायची. त्यांनी आपल्या बोटांच्या टोकांवर खूण करून दाखवलं, वाळलेल्या बोंडाच्या काट्यांनी कुठं कुठं फाटायचं ते. माझ्या पत्नीनं स्वतःचे हात टेबलावर पालथे ठेवले. नखाच्या कडेला त्याच जागी भेगा. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. मुलगी मधे बोलायला लागली तर बाईंनी तिला हातानंच थांबवलं.

तो कापूसच आपल्याला त्यांच्याशी बांधून आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, दक्षिणेतली बंदरं अडवली गेली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. तेव्हा साहेबाची नजर वऱ्हाडावर पडली. भाव चढले, जवारीच्या जमिनी कपाशीखाली गेल्या. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली. पुढं आमच्या दारव्ह्यावरून पूर्वी धावणारी शकुंतला ही छोटी रेल्वेगाडीही घातली ती कापूस वाहण्यासाठीच. महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपलं पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केलं, हे शाळेत असताना वाचलं होतं. त्याचा अर्थ त्या टेबलावर लागला. त्यांची गुलामी आणि आमची कोरडवाहू शेती यांची बरोबरी मी करत नाही. माणूस विकला जाणं ही वेगळीच गोष्ट आहे. पण मालकानं मोजून दिलेलं मक्याचं पीठ, खारवलेल्या मांसाचे नको असलेले तुकडे आणि झोपडीमागच्या वाफ्यातला पाला, एवढ्यावर ज्या बायकांनी हे जेवण उभं केलं, त्यांच्या फोटोखाली आज त्यांचं नाव आहे आणि त्या ताटाला लोक वीस डॉलर देतात. घासाघीस न करता देतात.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती माझ्या पेशातली आहे म्हणून. अटलांटाच्या शेजारच्या राज्यात माँटगोमेरी नावाचं शहर आहे. तिथं १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स या बाईंनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला. त्यानंतर काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. माणसं पायी गेली, एकमेकांच्या गाड्यांतून गेली. त्या गाड्यांना पेट्रोल लागे, पैसा लागे. जॉर्जिया गिलमोर नावाची स्वयंपाकीण होती. तिनं बायका गोळा केल्या, कोंबडी तळून, केक करून विकले आणि तो पैसा आंदोलनाला दिला. बऱ्याच जणी गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या, नाव कळलं तर काम जायचं. म्हणून त्यांनी गटाचं नाव ठेवलं 'कुठूनच नाही' अशा अर्थाचं, म्हणजे पैसा कुठून आला विचारलं तर खरं उत्तर देता यावं. जॉर्जियानं कोर्टात साक्ष दिली आणि तिची नोकरी गेली. मग मार्टिन ल्यूथर किंग यांच्या मदतीनं तिनं घरातच खानावळ सुरू केली, आणि स्वतः किंग तिथं जेवायला जात. अटलांटातही पास्कल बंधूंनी १९४७ साली काढलेल्या हॉटेलात त्या चळवळीच्या बैठका होत. ज्यानं आयुष्यभर डबल बेल दिली, त्याला ही गोष्ट ऐकून काय वाटलं असेल ते मी शब्दात मांडू शकत नाही. एसटीत आम्ही कुणाला जात विचारून जागा दिली नाही, याचा मला अभिमान आहे. पण नोकरीच्या पहिल्या वर्षांत गाडीतून उतरल्यावर काही गावांत चहाच्या टपरीवर वेगळ्या ठेवलेल्या कपबश्याही मी पाहिल्यात, आणि पाहून गप्प बसलोय.

आता आपल्याकडे येतो. १९८६ साली नोकरीला लागलो तेव्हा स्टँडसमोर बसलं की ताटात दोन भाकरी, वांग्याची नाहीतर चुनाची (पिठल्याची) वाटी, ठेचा आणि फोडलेला कांदा यायचा. भाकर तव्यावरून थेट ताटात. १९९५ नंतर सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर दिली. मीही खाल्ली, भुकेल्या माणसाला तिचा आधार होता हे मी नाकारत नाही. पण त्या एका रुपयानं एक गोष्ट मनात पक्की बसवली, की भाकर म्हणजे स्वस्त, भाकर म्हणजे गरिबाची, पैसे आले की ती सोडायची. योजना बंद झाली, आणि भाकर खानावळीच्या फळ्यावरूनही पुसली गेली. शेतातून जवारी गेली त्याची कारणं शेतकऱ्याला माहीत आहेत. भाव नाही, कणसावर पाखरं, रात्री रानडुकरं आणि रोही (नीलगाय), राखणीला माणूस मिळत नाही. सोयाबीन सोपं पडतं. रेशनवर गहू-तांदूळ मिळतात. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्याचं वर्ष म्हणून पाळलं गेलं, त्याचे फ्लेक्स मी तालुक्याला पाहिले. त्या फ्लेक्सखालच्या खानावळीत भाकर मागितली तर पोऱ्या म्हणाला, "काका, तंदुरी रोटी आहे."

जवारी आपण फक्त शेतातून काढली नाही, मनातूनही काढली. हे मी स्वतःबद्दल सांगतो. सहावीत असताना आई डब्यात कण्या आणि अंबाडी द्यायची. पाला उकळून आंबट पाणी पिळून टाकायचं, मग जवारीच्या कण्या आणि मूठभर तुरीची डाळ त्यात शिजवायची, वरून लसणाची खमंग फोडणी. घरात तिचा वास आला की जीव हुरळायचा. शाळेत मात्र मी तो डबा विहिरीमागं बसून खायचो, कारण बाकीच्यांच्या डब्यात पोळी असायची. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "पोटात गेल्यावर कोनाले समजते बाबू, कन्या होत्या का पोई होती?"

त्याच आईशी मी २०१५ साली, मुलीच्या लग्नात, काय वागलो ते लिहितो. जेवणाचं कंत्राट दिलं होतं. पनीर, मंचुरियन, तीन गोडाचे पदार्थ. आई ऐंशीच्या पुढं होती. ताट मांडीवर घेऊन बसली आणि मला बोलावून विचारलं, "भाकर नाही का रे?" मी एका पोराला मोटरसायकलवर घरी पाठवलं. सकाळची भाकर फडक्यात बांधून आली. आणि पाहुण्यांना दिसू नये म्हणून मी आईची खुर्ची उचलून मंडपामागं, भांडी घासायच्या जागेपाशी नेऊन ठेवली. ती काही बोलली नाही. वरणात भाकर मोडून खात राहिली. ती आता नाही. अटलांटात तो म्हातारीचा फोटो पाहून मी का थांबलो, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

आमच्या गावात एक शेतमजूर बाई आहे. तिच्या हातची कण्या-अंबाडी खाल्ली की आईची आठवण येते. बरबटीचे (चवळीचे) वडे तर असे करते की शेजारच्या गावचे लोक निरोप पाठवतात. तिनं एका तालुक्याच्या ठिकाणी गाडी लावायला जागा मागितली. तिला सांगितलं, भाकरीला कोण विचारतं, चायनीज टाका, लगेच देतो. कुणी सांगितलं ते मी लिहीत नाही, कारण दुसऱ्या कुणी त्या खुर्चीत असता तरी हेच म्हणाला असता. बाई परत आली, दुसऱ्या दिवशी निंदणाला गेली.

तिच्या घरामागच्या वस्तीत बोटी, वजडी, रक्ती, म्हणजे जनावराची आतडी, कोठा आणि रक्त शिजतं, तीही फार चवीची. गावात वरच्या आळीचे लोक ती खातात, पण रात्री डबा नेऊन, लपवून. अमेरिकेतल्या त्या हॉटेलात आतड्यांची भाजी फळ्यावर लिहिलेली होती, इतर भाज्यांच्याच अक्षरात, तेवढ्याच मोठ्या. ज्यांच्या वाट्याला इतरांनी टाकलेलं आलं, त्यांनी त्याचं काय केलं हे तिथं लोक अभिमानानं ताटात वाढतात. आपली कण्या-अंबाडी फळ्यावर येईल तेव्हा ही भांडीही शेजारी आली पाहिजेत, नाहीतर पुन्हा अर्ध्याच गावाचं जेवण होईल.

म्हणून माझं मागणं असं आहे. खानावळवाल्यांनी 'मागितल्यास मिळेल' हे पुसून फळ्यावर पहिल्या ओळीत भाकर लिहावी, आणि तिची किंमत पनीरच्या भाजीला लाजून कमी ठेवू नये. भाकर थापायला हात लागतो, तंदुरीसारखी ती भिंतीला चिकटवून होत नाही. त्या हाताची मजुरी किमतीत धरा. ज्यांच्या हातात जागा वाटायचं काम आहे, त्यांनी अर्जावर पदार्थ पाहून नको, ताट चाखून ठरवावं. आणि आपल्या वृत्तपत्राकडे माझी खास विनंती. हॉटेलांची माहिती देताना मालकासोबत चुलीपुढं जी बाई असते तिला विचारून तिचंही नाव छापा. पाककृती छापता तेव्हा ती कुठल्या गावच्या कुणाकडून मिळाली ते लिहा. 'पारंपरिक वऱ्हाडी' एवढं लिहिलं की ती कुणाचीच राहत नाही.

मी माझ्यापुरतं सुरू केलंय. येत्या फाल्गुनात मुलाचं लग्न आहे. पंगतीत कण्या-अंबाडी, मसाल्याचं वांगं, चून आणि तव्यावरची भाकर आहे, पाहुण्यांना आवडो न आवडो. यंदा धुऱ्याला अंबाडीचे चार तास (ओळी) जास्त टाकले, एक एकर जवारी पेरली, रात्री राखणीला मी स्वतः जातो. स्वयंपाक त्याच बाईकडे दिलाय, कंत्राटदाराला जेवढे दिले असते तेवढ्याच पैशात. परवा पत्रिका छापायला गेलो. तिला विचारून तिचं नाव लिहून दिलं. छापखान्यातल्या पोरानं दोनदा विचारलं, काका, हे नाव कुठं टाकायचं, 'आपले नम्र'च्या खाली? मी म्हटलं, खाली नको, आमच्या नावांच्या रांगेतच टाक.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त एसटी वाहक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ